तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर झाला काय?

सॉफ्टवेअर तपासणीचे निरनिराळे प्रकार : एक तुलना

आपल्या वस्त्यांतून बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. झालेली मुलेमुली आज आईवडिलांना एक प्रश्न हटकून विचारतात, 'टेस्टिंगचा कोर्स करू काय?' टेस्टिंग म्हटले की आईला रक्ताची तपासणी आठवते. कोणी शेजारी सांगतो, त्याला इंजिनिअर असावे लागत नाही. दुसरा सांगतो, क्लासवाले पैसे घेतात आणि हाती काही लागत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; पण एवढ्यावर पोराबाळांच्या आयुष्याचा निर्णय घेणे बरे नव्हे. म्हणून हे काम नेमके काय आहे, त्याचे प्रकार कोणते, कोणता प्रकार कोणता दोष पकडतो, आणि तपासणी न झाल्यास कोणाला भोगावे लागते, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

ज्यांना ही नोकरी करावयाची नाही, त्यांनीही हे वाचावे. रेशनच्या दुकानातील अंगठा, शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतन, पगार, परीक्षेचा निकाल हे सारे आज संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजेच सॉफ्टवेअरवर चालते. 'सिस्टीममध्ये तसे दाखवत नाही' असे खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला की गरीब माणूस गप्प बसतो. गप्प बसणे किती महाग पडते, हे प्रथम पाहू.

संगणकावर विश्वास ठेवून माणसे तुरुंगात गेली

ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली व खेडोपाडी पोस्टाची लहान कार्यालये आहेत. ती चालविणाऱ्यांना सब-पोस्टमास्टर म्हणतात. त्यांपैकी पुष्कळजण शेजारी किराणा किंवा वर्तमानपत्रांचे दुकान चालविणारे साधे लोक. १९९९ पासून या कार्यालयांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेब प्रणाली बसविण्यात आली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली व पुढे जपानच्या फुजित्सु कंपनीकडे तिचे काम होते. प्रणाली आली आणि अनेकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट स्वतःच्या खिशातून भरून द्यावी लागे. लोकांनी दागिने विकले, घरे गहाण टाकली. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तूट! तक्रार केली तर उत्तर मिळे की प्रणाली उत्तम आहे. न्यायालयातही, उलट सिद्ध होईपर्यंत, संगणक नीट चालतो असेच गृहीत धरले जाई. आता हे उलट सिद्ध करणार कोण? आज्ञावली कंपनीच्या ताब्यात आणि दुकानदाराच्या हातात फक्त तुटीचा कागद.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे खटले झाले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या सब-पोस्टमिस्ट्रेसला २०१० साली, ती गरोदर असताना, १५ महिन्यांची शिक्षा झाली. ॲलन बेट्स या सब-पोस्टमास्टरच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र आले आणि त्यांनी दिवाणी दावा लढविला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने सीमा मिश्रासह ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसाव्या लागल्या. तोवर काहीजण हे जग सोडून गेले होते.

या प्रणालीतील एक दोष स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. रोख रक्कम मिळाल्याची नोंद करताना पडदा थिजल्यासारखा राही. काम करणारा पुन्हा कळ दाबी. प्रत्येक वेळी कळ दाबताच तीच रक्कम पुन्हा जमा झाल्याची नोंद होई. म्हणजे रोकड एकदाच आली आणि हिशेबात मात्र अनेकदा आली! ज्याने रोजकीर्द लिहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. 'कळ दोनदा दाबली तर काय होते?' हा प्रश्न वेळेवर विचारणे आणि त्याचे उत्तर लेखी मागणे, यालाच तपासणी म्हणतात.

तपासणी काय दाखविते, काय दाखवीत नाही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेरीज पत्रक माहीत असते. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली. पण तेवढ्याने हिशेब बरोबर ठरत नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहून गेला, सखूबाईंची रक्कम गंगूबाईंच्या खात्यावर पडली, किंवा दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या, तरी तेरीज जुळतेच. न जुळणारी तेरीज चूक असल्याचे सांगते; जुळलेली तेरीज चूक नसल्याची हमी देत नाही. संगणकशास्त्रातही हाच न्याय आहे. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास हाच विचार मांडला, की तपासणीने दोष असल्याचे दाखविता येते, दोष मुळीच नसल्याचे कधीच नाही.

म्हणूनच एकाच प्रकारच्या तपासणीवर भागत नाही. निरनिराळ्या चाळण्या लावाव्या लागतात. हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची एक नवी ऑनलाइन प्रणाली तयार होत आहे. तिच्यात अर्ज भरायचा, दाखले जोडायचे, महाविद्यालयाने पडताळणी करायची आणि पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हायचे.

चार पायऱ्या : भागापासून पूर्ण कामापर्यंत

पहिली पायरी युनिट टेस्टिंगची, म्हणजे सुट्या भागाची तपासणी. आज्ञावलीचा अगदी लहान तुकडा वेगळा काढून तपासायचा. उदाहरणार्थ, उत्पन्न मर्यादेत आहे की नाही हे ठरविणारा तुकडा. ही तपासणी बहुधा आज्ञावली लिहिणारा स्वतःच करतो. ती सर्वांत जलद व स्वस्त असते आणि दोष नेमका कोठे आहे ते लगेच कळते. तिची मर्यादा अशी की, एक एक वीट पक्की असली म्हणून भिंत सरळ उभी राहतेच असे नाही.

दुसरी पायरी इंटिग्रेशन टेस्टिंगची, म्हणजे जोडणीची तपासणी. दोन भाग एकमेकांशी नीट बोलतात काय, हे येथे पाहतात. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली रॉकेटच्या धक्क्याचे माप ब्रिटिश पद्धतीच्या पौंडात देत होती आणि ते आकडे घेणारी दुसरी आज्ञावली ते मेट्रिक पद्धतीतील न्यूटनमध्ये आहेत असे समजत होती. दोन्ही भाग आपापल्या जागी बेरीज-वजाबाकी बरोबर करीत होते. चूक सांध्यात होती. आपल्या शिष्यवृत्तीच्या उदाहरणात असाच सांधा नावाचा आहे. गुणपत्रिकेवर कांबळे हे आडनाव इंग्रजीत एका तऱ्हेने, आधार कार्डावर एक अक्षर जास्त, आणि बँकेत तिसऱ्याच तऱ्हेने! तिन्ही ठिकाणची माहिती जुळविताना प्रणाली अर्ज फेटाळते, की दुरुस्तीची संधी देते? हे जोडणीच्या तपासणीत पाहिले नाही तर मुलगी वर्षभर खेटे घालीत राहते.

तिसरी पायरी सिस्टीम टेस्टिंगची. सर्व भाग एकत्र आल्यावर पूर्ण प्रणाली, खऱ्यासारख्या परिस्थितीत, अथपासून इतिपर्यंत तपासायची. युरोपचे 'एरियान-५' हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात चाळीसएक सेकंदांत फुटले. त्यातील दिशा सांभाळणारी आज्ञावली आधीच्या एरियान-४ मधून उचललेली होती. जुन्या रॉकेटमध्ये ती चांगली चालली, म्हणून नव्यातही चालेल असे मानले गेले. पण नव्याचा वेग जास्त होता. एक आकडा त्याला नेमून दिलेल्या जागेत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती यंत्रणा आधी तपासलेलीच नव्हती. बापाचा सदरा मुलाला होईल हे अंगावर घालूनच पाहावे लागते.

चौथी पायरी स्वीकृती तपासणीची, जिला कचेऱ्यांत 'यूएटी' म्हणतात. ज्यांना रोज त्या प्रणालीवर काम करायचे आहे, ते स्वतः ती वापरून पाहतात आणि 'हे आमच्या कामाचे आहे' किंवा 'नाही' असे सांगतात. पहिल्या तीन पायऱ्या 'सांगितले तसे बनविले काय' हे पाहतात. ही पायरी 'पाहिजे होते ते बनविले काय' हे पाहते. आमच्या मते गरिबांच्या योजनांत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. स्वीकृतीच्या वेळी वातानुकूलित खोलीत फक्त अधिकारी बसून चालणार नाही. सेतू केंद्रात अर्ज भरणारा पोऱ्या, महाविद्यालयाचा कारकून आणि वसतिगृहातील विद्यार्थिनी यांनाही तेथे बसविले पाहिजे.

काम होते काय? – फंक्शनल टेस्टिंग

वरच्या चार पायऱ्या तपासणी केव्हा व कोठवर करायची ते सांगतात. आता तपासायचे काय ते पाहू. प्रणालीने ठरलेले काम ठरल्याप्रमाणे करणे, हे फंक्शनल टेस्टिंगमध्ये पाहतात. यात तपासणाऱ्याची बुद्धी पणाला लागते.

एक रीत आहे कडेच्या आकड्यांची. समजा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तर १ लाख आणि ४ लाख घालून पाहण्यात फारसे काही हाती लागत नाही. २,४९,९९९, नेमके २,५०,००० आणि २,५०,००१ हे तीन आकडे घालून पाहावेत. 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यांतील घोळ बहुधा कडेवरच सापडतो. दुसरी रीत उलट्या तपासणीची, म्हणजे निगेटिव्ह टेस्टिंगची. रकाना रिकामा ठेवा, वयाच्या जागी अक्षरे लिहा, अर्ज पाठवताना नेट बंद करा, कळ दोनदा दाबा. चांगल्या प्रणालीने चूक समजावून सांगावी आणि एका अर्जाचे दोन अर्ज होऊ देऊ नयेत.

आता आपल्याच घरातील दोन तपासण्या पाहा. पहिली : धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि प्रवर्गात 'अनुसूचित जाती' निवडले तर अर्ज पुढे जातो काय? १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय यादीचा लाभ दिला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे त्यासाठी झगडावे लागले. आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला हा इतिहास ठाऊक नसेल तर 'धर्म हिंदू असेल तरच अनुसूचित जाती' अशी एक ओळ तो सहज लिहून जाईल, आणि संसदेने दिलेला हक्क एका ओळीने अडेल. ही तपासणी सुचविण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आपला इतिहास माहीत असावा लागतो.

दुसरी तपासणी जन्मतारखेची. आपल्याकडे जुन्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एखादी प्रणाली नाव आणि जन्मतारीख सारखी दिसताच 'हा अर्ज दुबार आहे' म्हणून फेटाळीत असेल, तर एकाच गावातील दोन खरी माणसे एकमेकांना खोटी पाडतील. आपल्या गावात काय काय असते हे ज्याला माहीत, त्यालाच असला प्रश्न सुचतो.

काम कसे होते? – भार, सुरक्षा, सोय

काम एका माणसासाठी झाले. लाखांसाठी होईल काय? हे पाहणे म्हणजे लोड टेस्टिंग, भाराची तपासणी. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. लाखो लोक आले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली. आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी खुली झाली तेव्हा सुरुवातीला अनेकांना अडचण आली. त्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. शेवटच्या तारखेला गर्दी होणार हे आधीच माहीत असते. तेवढी गर्दी खोटी निर्माण करून प्रणाली आधीच तपासता येते. ती तपासली नाही तर दोष 'शेवटच्या दिवशी आला' म्हणून विद्यार्थ्यावर ढकलला जातो.

सुरक्षा तपासणीत पाहतात की, ज्याची माहिती त्यालाच दिसते ना. अर्ज क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला तर शेजारच्या मुलीचा जातीचा दाखला आणि बँक खाते पडद्यावर येते काय? आपल्या समाजाच्या दृष्टीने जात, पत्ता व फोन नंबर उघडा पडणे ही साधी गोष्ट नाही. मात्र तरुणांना एक इशारा : मालकाच्या लेखी परवानगीवाचून दुसऱ्याच्या प्रणालीत अशी खटपट करू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे तो गुन्हा ठरू शकतो.

वापरण्याची सोय पाहणारी तपासणी म्हणजे युजेबिलिटी टेस्टिंग. अक्षर वाचता येते काय, भाषा कळते काय, स्वस्त मोबाइलवर पान उघडते काय, अंध विद्यार्थ्याचे पडदा वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर तेथे चालते काय? लसीकरणाचे कोविन संकेतस्थळ मराठीसह इतर भाषांत आले ते जून २०२१ मध्ये. नोंदणी मात्र त्याआधीच सुरू झालेली होती. काम चालते पण आपल्या आईला ते चालविता येत नाही, तर ते चालते असे म्हणता येणार नाही.

दुरुस्तीनंतरची तपासणी

नवी आवृत्ती आली की प्रथम करतात ती स्मोक टेस्टिंग. गवंड्याने चूल बांधली की आधी धूर बाहेर जातो ना ते पाहतो, स्वयंपाक नंतर. तसे, प्रणाली उघडते काय, आत जाता येते काय, अर्ज दिसतो काय, एवढीच ही घाईची पाहणी. एखादा दोष दुरुस्त झाल्यावर तेवढाच भाग थोडक्यात पाहणे याला सॅनिटी टेस्टिंग म्हणतात. आणि दुरुस्तीमुळे आधी चालणारे दुसरे काही बिघडले नाही ना, हे सगळीकडे फिरून पाहणे म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. नळ दुरुस्त करताना प्लंबरने भिंत फोडली तर नळाबरोबर भिंतही पाहावी लागते, तसे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमाने अडकली, रुग्णालयांची कामे खोळंबली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सुधारणा लहान असली तरी आधी थोड्या संगणकांवर चालवून पाहावी आणि मगच सर्वांना द्यावी, हा धडा जगाला महागात मिळाला.

हाताने की यंत्राने?

रिग्रेशनसारखी तीच ती तपासणी शेकडो वेळा करायची तर माणूस कंटाळतो व डोळा चुकतो. म्हणून ती यंत्राकडून करवून घेतात. सेलेनियम हे त्यासाठीचे एक प्रसिद्ध व विनामूल्य साधन. यंत्र थकत नाही; पण जे पाहायला सांगितले तेवढेच ते पाहते. न सांगितलेले पाहण्यासाठी माणूस लागतो. त्याला शोधक तपासणी, एक्सप्लोरेटरी टेस्टिंग म्हणतात.

त्याचे एक हृदयद्रावक उदाहरण आहे. थेराक-२५ या कॅन्सरवरील किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. काहींचा मृत्यू झाला. कंपनीला दोष सापडेना. १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालविणाऱ्या ऑपरेटरला शेजारी बसवून तेच टंकलेखन पुन्हा पुन्हा करून पाहिले. तेव्हा कळले की, रोजच्या सवयीने हात चपळ झालेला ऑपरेटर काही सेकंदांत चुकीची दुरुस्ती करी आणि यंत्राला ती नीट कळत नसे. सावकाश टंकणाऱ्या तपासनिसाला हा दोष कधीच दिसला नसता. रोज काम करणाऱ्या हाताला जे ठाऊक असते ते कागदावर नसते.

आणखी दोन शब्द मुलाखतीत हमखास विचारतात. आतील आज्ञावली वाचून तिची प्रत्येक वाट तपासणे म्हणजे व्हाइट बॉक्स. आत काय आहे ते न पाहता, बाहेरून काय घातले आणि काय निघाले एवढेच पाहणे म्हणजे ब्लॅक बॉक्स. युनिट तपासणी बहुधा पहिल्या प्रकारची, स्वीकृती तपासणी दुसऱ्या प्रकारची.

कात्रण काढून ठेवण्यासाठी

युनिट : सुटा भाग, बहुधा लिहिणारा करतो, जलद व स्वस्त, सांध्यातील दोष दिसत नाही.
इंटिग्रेशन : दोन भागांचा सांधा, माप, नाव, तारीख यांतील गैरमेळ पकडते.
सिस्टीम : संपूर्ण प्रणाली खऱ्या परिस्थितीत, वेळ व खर्च जास्त.
स्वीकृती : वापरणाऱ्याने स्वतः पाहणे, गरजच चुकीची समजली असेल तर येथे कळते.
फंक्शनल : ठरलेले काम होते काय, कडेचे आकडे व उलटे प्रश्न महत्त्वाचे.
लोड, सुरक्षा, सोय : काम किती गर्दीत, किती सुरक्षित, किती सुलभ होते.
स्मोक, सॅनिटी, रिग्रेशन : बदलानंतरची थोडी, नेमकी व सर्वत्र तपासणी.
हाताची व यंत्राची : यंत्र तेच ते पाहते, माणूस नवे शोधतो.

आपल्या मुलामुलींनी काय करावे?

या कामात वाणिज्य शाखेच्या मुलांनी कमीपणा मानू नये. पगारपत्रक, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, जीएसटी, बँकेचे व्याज यांची प्रणाली तपासायला हिशेब समजणारा माणूस लागतो. मात्र नुसती कळ दाबून पाहण्याच्या जोरावर आता नोकरी टिकणे कठीण. यंत्राने तपासणी करणे वाढले आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. म्हणून तीन गोष्टी शिकाव्यात : माहितीसाठ्यातून हवे ते काढण्याची एसक्यूएल भाषा, एखादी सोपी आज्ञावलीची भाषा, आणि दोष नीट लिहिण्याची कला.

दोष लिहिणे ही कला आपण कमी लेखतो. 'अर्ज भरत नाही' हा दोष झाला नाही. 'धर्म बौद्ध व प्रवर्ग अनुसूचित जाती निवडून पुढे जा ही कळ दाबली. पुढचे पान उघडणे अपेक्षित होते. प्रवर्ग चुकीचा आहे असा संदेश आला' हा दोष झाला. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, कोणत्या मोबाइलवर झाले. ज्याने चाळ कमिटीचे अर्ज किंवा युनियनची निवेदने लिहिली आहेत, त्याच्या मुलाला हे जड जाऊ नये.

आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची पायाभूत परीक्षा या क्षेत्रात ओळखली जाते. ४० प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यास २६ गुण. ज्यांची मातृभाषा परीक्षेची भाषा नाही त्यांना पंधरा मिनिटे जादा मिळतात. तिचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. तो घरी वाचून परीक्षा देता येते. म्हणून 'शंभर टक्के नोकरीची हमी' देऊन मोठी रक्कम मागणाऱ्या क्लासपासून सावध राहावे. पैसे भरण्यापूर्वी लेखी पावती मागावी आणि आधीच्या विद्यार्थ्यांना स्वतः भेटावे. पुण्याच्या बार्टी संस्थेतर्फे अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी वेळोवेळी प्रशिक्षणे होतात. त्यांची चौकशी आधी करावी.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि ओळखीपाळखीने भरती होते, हे आपण जाणतो. आपल्या मुलांच्या मागे ओळख नसेल तर कामाचा पुरावा असावा. एखादे मोफत सर्वांसाठी खुले असलेले सॉफ्टवेअर घ्यावे, त्याचे पन्नास तपासणी-प्रश्न लिहावेत, सापडलेले दोष रीतसर कळवावेत आणि ती वही मुलाखतीला न्यावी. आपल्या बुद्धविहारात रविवारी दोन तास चार मुलांनी मिळून हा अभ्यास केला तर क्लासची गरजही कमी भासेल. ज्यांची नोकरी लागली आहे त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा, अशी आमची त्यांना विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट तांत्रिक नाही, पण तिच्यावाचून तंत्र व्यर्थ आहे. तपासनिसाला दोष दिसला तर तो सांगण्याचे धैर्य हवे आणि ऐकणाऱ्याला ऐकण्याची दानत हवी. होरायझनच्या प्रकरणात दोष असल्याचे आतल्या काही लोकांना ठाऊक होते, तरी बाहेर माणसांवर खटले चालूच राहिले. तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले, की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा मोठा म्हणून काही मानू नका; स्वतः पारखून घ्या. तो उपदेश संगणकालाही लागू आहे. पडद्यावर उमटले म्हणून ते सत्य होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकीवर कोणी म्हणाले, 'सिस्टीममध्ये तुमचे नाव नाही', तर तंटा न करता शांतपणे सांगा, 'ते आम्हांस लेखी द्या. आम्ही काय भरले आणि काय दिसले, दोन्ही लिहून द्या.' तो कागद घेऊन दाद मागता येते. आणि आपल्या घरातील मुलगी उद्या त्या प्रणालीची तपासनीस होऊन बसली, तर तिने 'बौद्ध' हा रकाना सर्वांत आधी तपासावा.

जयभीम!